‘अग्निरोधक’ व ‘स्वयंचलित’ : दोन विशेषणांचा विचार

आगीची आगाऊ सूचना देणारे काही नवे पदार्थ पदार्थविज्ञानात सध्या चर्चेत आहेत. मराठीत त्यांना ‘अग्निरोधक, स्वयंचलित पदार्थ’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु ही दोन्ही विशेषणे वाचकाची दिशाभूल करतात.

‘रोधक’ म्हणजे अडविणारा. येथे मात्र ज्वालेचा प्रसार मंदावणे एवढेच अभिप्रेत आहे. अमोनियम पॉलिफॉस्फेटचा लेप दिलेले सुती कापड तापले म्हणजे लेपातून फॉस्फरिक आम्ल निर्माण होते. ते तंतूंमधील जलांश काढून घेते आणि वर कोळशाचा थर जमतो. त्या थरामुळे आतील तंतूंना उष्णता व प्राणवायू उशिरा पोहोचतात. कापड जळतेच, पण सावकाश. म्हणून ‘ज्वालामंदक’ हा शब्द मला अधिक युक्त वाटतो.

दुसऱ्या विशेषणाचा घोटाळा अधिक गंभीर आहे. ‘स्वयंचलित’ हे यंत्राच्या हालचालीविषयी बोलते. येथे प्रश्न विजेच्या उगमाचा आहे. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांत तापमानाचा फरक पडला की वीज उत्पन्न होते, हा परिणाम सीबेक याने १८२१ मध्ये पाहिला. त्याच तत्त्वाने असे कापड आगीच्याच उष्णतेवर संकेत देते. त्याला बॅटरी लागत नाही. ‘स्वयंविद्युत्’ म्हणावयाचे ते एवढ्याच अर्थाने. तांबे व कॉन्स्टंटन यांच्या एका जोडीत दर अंशास सुमारे ४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे २०० अंशांच्या फरकास जेमतेम ८ मिलिव्होल्ट मिळतात. अर्धवाहकांत हा आकडा कित्येक पट वाढतो. तरीही घंटा वाजविणाऱ्या यंत्रणेस बहुधा स्वतंत्र वीज लागतेच. (ग्राफीन ऑक्साइड तापल्यावर विद्युत्‌वाहक बनते खरे, पण तेथे मंडलास बाहेरचीच वीज हवी.)

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. माणिकपूरलगतच्या वसई रोडपासून विरार हे दुसरेच स्थानक. तेथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे आग लागली व त्याच दिवशी १३ रुग्ण दगावले. जागचे उठू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत सूचना किती मिनिटे आधी मिळते, यावर सारे अवलंबून असते. तेथील पडद्यावर ‘अग्निरोधक’ असे लिहिले, तर परिचारिकेने त्यातून काय समजावे?

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. हे पदार्थ उष्णता ओळखतात, धूर नव्हे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी १० नवजात बालके मृत्यू पावली. त्यांपैकी ७ गुदमरून गेल्याचे शासनाने त्या दिवशी सांगितले. धुमसणाऱ्या आगीत कापड तापण्यापूर्वीच खोली धुराने भरते. तेथे धूरशोधकच हवा.