हातात सत्तीची जोडी

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, पितरांची घागर भरून जेवणं उरकली आणि ओट्यावर सतरंजी अंथरली. पोरी लिंबाच्या झोक्यावर गेल्या. आम्ही सहा जण तीन पत्ती खेळायला बसलो, पैशांच्या जागी चिंचोके घेऊन. एका डावात बाकीचे पानं टाकून पॅक झाले आणि शेवटी दोघंच उरलो: मी आणि पुण्यात शिकणारा माझा भाचा. ढिगात वीस चिंचोके होते. त्यानं आपले पत्ते पुन्हा एकदा बघितले आणि दहाची चाल टाकली.

"फुई, शो ले, नहीतर पॅक व्हई जाय."

माझ्या हातात सत्तीची जोडी होती, सोबत एक राणी. असा हात माणसाला सगळ्यात जास्त छळतो. पान फालतू असेल तर टाकून द्यावं, ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, असेल तर निर्धास्त बसावं. पण छोटी जोडी घेऊन बसलेल्याला समोरच्याचा जोर खरा की खोटा, हे ठरवावंच लागतं.

धुळ्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे माझा हात आधी हिशेबाकडे जातो. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांतल्या १६,४४० हातांत जोडीसुद्धा नसते, म्हणजे चारातले जवळपास तीन हात नुसत्या मोठ्या पानावर चालतात. जोडीचे हात ३,७४४, आणि जोडीपेक्षा मोठ्या हातांत कलरचे, म्हणजे तिन्ही पानं एकाच चिन्हाची, १,०९६, साध्या रनचे ७२०, पक्क्या रनचे ४८ आणि ट्रेलचे ५२. कुठल्याही न बघता वाटलेल्या हाताविरुद्ध सत्तीची जोडी शंभरातून ऐंशीपेक्षा जास्त वेळा जिंकते.

पण भाच्याचा हात न बघता वाटलेला राहिला नव्हता. पत्ते बघून, तीन चाली टाकून तो टिकला होता. निदान काही फालतू पानं त्यानं आधीच टाकून दिली असती. म्हणून ते ऐंशी टक्के तिथं उपयोगाचे नव्हते. उपयोगाचा प्रश्न वेगळा होता: ढिगात आता तीस आहेत, शोसाठी, म्हणजे दोघांची पानं उघडायला लावायला, माझे दहा जाणार. जिंकले तर तीस मिळतील, हरले तर दहा जातील. म्हणजे अशा चार प्रसंगांतून एकदा जरी तो खोटं खेळत असेल, तरी माझं नुकसान नाही. मी जिंकणारच अशी खात्री मला नको होती, चारात एक एवढी शक्यता पुरे होती. बहुतेक लोक इथंच चुकतात. ते स्वतःला विचारतात, "माझा हात मोठा आहे का?" विचारायचं असतं ते शोच्या किमतीबद्दल.

आणि त्याची बाजूही बघा. वीसच्या ढिगावर तो दहा लावतो. तीनातून एकाहून जास्त वेळा मी भिऊन पॅक झाले, तर पानं न बघताही त्याचा धंदा नफ्यात राहील. म्हणून अशा माणसासमोर दर वेळी पान टाकणं म्हणजे त्याला पगार देणं. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं १९२८ साली अशा खेळांचं गणित मांडलं, आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गनस्टर्नसोबतच्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र भाग लिहिला. खोटी चाल हा खेळाचाच भाग आहे आणि तिला अधूनमधून शो मागणं हाच तिच्यावरचा उतारा आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. २०१७ साली पिट्सबर्गमध्ये एका संगणकानं चार कसलेल्या पोकर खेळाडूंना वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवलं. त्याला ना धीर होता, ना भीती. कधी धरायचं आणि कधी सोडायचं याचं प्रमाण तेवढं त्यानं सांभाळलं.

हा हिशेब मला लहानपणी कळला असता, तर एक गोष्ट तेव्हाच उमगली असती.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं धरलं जातं. म्हणजे वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाच्या हातात पैसा येतो तो नेमका पत्त्यांच्या दिवशी. आमच्या गल्लीतला एक सालदार त्या दुपारी मोठ्या शेतकऱ्यांच्या डावात बसला. शेवटी तो आणि एक बागायतदार उरले. सालदारानं पानं बघितलेली, त्याच्याकडे जोडी होती. बागायतदार ब्लाइंड खेळत होता, पानं पालथीच.

इथं खेळाचा नियम समजून घ्यायला हवा. पत्ते बघितलेल्यानं ब्लाइंडच्या दुप्पट चाल टाकायची असते, आणि समोरचा ब्लाइंड असेल तर त्याला शो मागता येत नाही. बागायतदार पाच टाकी, सालदाराला दहा टाकावे लागत. तो दहा टाकी, याला वीस. सालदाराची जोडी पाचातून चार वेळा जिंकणारी होती, आणि तरी तो अडकला होता, कारण डाव संपवण्याचा हक्क त्याच्याकडे नव्हता. कनवटीतले पैसे संपले तेव्हा तो पॅक झाला. बागायतदारानं पानं उलटी केली: दुर्री, नव्वी, गुलाम. काहीच नव्हतं. सालदार बराच वेळ खांबाला टेकून बसून राहिला. त्याची बायको आमच्या घरी ज्वारी उसनी मागायला आली, तेव्हा दार मीच उघडलं होतं.

त्या दिवशी जोर पत्त्यांचा नव्हता, थैलीचा होता. पुढच्या दहा चाली भरण्याची ऐपत ज्याची आहे, तो कुठल्याही पानांवर दमदाटी करू शकतो. म्हणून समोरच्याला पुरून उरता येईल एवढं जवळ नसेल, तर मधल्या हातावर ब्लाइंडशी भिडू नये, पहिल्याच चालीला सोडावं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवू शकले नाही, कारण शाळेत पत्त्यांचं नाव काढता येत नव्हतं.

कायद्याचं म्हणायचं तर, सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ मानलं, आणि त्याच निकालात फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हटला. पानं नशिबानंच येतात हे खरं. शो कधी मागावा हे मात्र नशीब ठरवत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण कायदा हवाच, हेही तितकंच प्रामाणिक मत. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आजही लागू आहे, आणि पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ, त्यांत पोकरही आलं, २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद केले. मोबाइलवरचा समोरचा माणूस दिसतही नव्हता आणि त्याच्या थैलीचा तळ कळत नव्हता. त्या सालदारापेक्षाही तिथली पोरं एकटी होती.

आता भाच्याकडे येते. त्या दुपारी त्याचे सहा डाव उघडे झालेले मी बघितले होते. चारांत काही नव्हतं. सहा डावांवरून माणूस कळत नाही, पण किमतीच्या मानानं तेवढं पुष्कळ होतं. शिवाय चांगली पानं आली की तो गप्प होतो, चाल हळू टाकतो. या वेळी तो बोलत होता. मी दहा चिंचोके सरकवले आणि शो मागितला.

त्यानं बदामचा कलर उघडला. मी हरले.

तोच डाव पुन्हा आला, तर मी तेच करीन. निर्णय चुकला की नाही हे एका उघड्या हातावरून ठरत नाही, आणि दहा चिंचोके हरल्यानं कुणाच्या घरी ज्वारी उसनी आणावी लागत नाही. येत्या आखाजीला तुमच्या ओट्यावर पत्ते निघतील, तेव्हा पैसे घरात ठेवा आणि चिंचोके मोजून वाटा, सगळ्यांना सारखे.