गिऱ्हाईकच जेव्हा हिशेब जुळवते

दोन वह्यांचा मेळ बसला नाही की मुनीम रात्र जागवतो, कारण तो पगारी माणूस. परंतु कंपनीच्या वहीतील तफावत मिटविण्यासाठी गिऱ्हाईकच वर्षानुवर्षे खपते आणि पैसाही मागत नाही, असाही एक धंदा आहे. तो म्हणजे व्हिडिओ गेमचा.

जपानच्या क्योटो शहरात १८८९ साली पत्ते बनविण्यासाठी निघालेली निन्टेंडो कंपनी पुढे या धंद्यात उतरली. १९८६ साली तिने ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ हा खेळ बाजारात आणला. हायरूल नावाचे राज्य, झेल्डा राजकन्या, लिंक नावाचा शूर मुलगा आणि गॅनन हा दुष्ट, असा सारा मामला. माल खपला, म्हणून पुढचे भाग निघाले. परंतु आधी खेळण्याची मजा ठरवावयाची आणि मग त्यावर कथा बेतावयाची, अशी तेथील कारागिरांची रीत. त्यामुळे एका भागाची हकीकत दुसऱ्याशी जुळेना.

सर्वात मोठी गाठ पाहा. १९९१ च्या भागात सांगितले होते की, पूर्वी गॅननने तीन सुवर्ण त्रिकोणांची अख्खी शक्ती मिळविली होती. १९९८ च्या ‘ऑकॅरिना ऑफ टाइम’मध्ये तोच जुना काळ दाखविला आहे, असे मानले गेले. पण येथे त्याचा हात लागताच शक्तीचे तीन तुकडे होतात आणि त्याच्या वाट्याला एकच येतो. दुसरी गाठ अशी की, २००२ च्या भागात हायरूल समुद्राखाली बुडालेले आहे, तर २००६ च्या भागात ते कोरडे ठणठणीत!

दुसरी गाठ चाहत्यांनी सोडविली. १९९८ च्या खेळाच्या शेवटी झेल्डा विजयी लिंकला बालपणात परत पाठवते. मग लिंक निघून गेल्यावर मागे राहिलेले जग हा एक फाटा, तेथे पुढे समुद्र आला. बालपणी परतलेल्या लिंकचे जग हा दुसरा फाटा, तेथे समुद्र नाही. एकाच तोडीत दोन्ही भाग खरे ठरले. कंपनीच्या माणसांनीही ही दोन फाट्यांची गोष्ट मान्य केली.

चांगल्या खुलाशाची कसोटी हीच होय. तो मालातच असलेल्या धाग्याने शिवलेला असतो आणि एका टाक्यात अनेक उसवण भरून काढतो. प्रत्येक चुकीसाठी नवी सबब लागली तर ते नुसते ठिगळ.

तरीही १९९१ चा भाग कोठेच बसेना. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीच्या सहकार्याने ‘हायरूल हिस्टोरिया’ हे पुस्तक जपानात निघाले. त्यात तिसरा फाटा दिला होता: १९९८ च्या खेळात लिंक हरला असता तर? तर गॅननला अख्खी शक्ती मिळाली असती. वही जुळली. पण बरेच चाहते नाराज झाले. हरणेही जमेस धरावयाचे, तर प्रत्येक खेळातून नवा फाटा का फुटू नये, असा त्यांचा सवाल होता. पुढे २०१८ साली कंपनीने आपल्या यादीत काही खेळांचा क्रम बदलला. २०१७ चा भाग तर कोणत्याच फाट्याला न जोडता अगदी शेवटी ठेवला.

इतकी मेहनत लोक का घेतात? कारण त्यांच्या लेखी माल अस्सल आहे. खेळताना मन रमले, म्हणून गोष्टही खरी असावी असे त्यांना वाटते. टाकाऊ मालातील चूक कोणी जुळवीत बसत नाही, दुसरे दुकान पाहतो.

व्यापारी व कारागीर बंधूंनी एवढे ध्यानात घ्यावे. दोन लॉटच्या रंगातील फरक दाखवावयास जे गिऱ्हाईक कापड हातात घेऊन परत येते, ते आपलेच असते. नुकसान होते ते न बोलता निघून जाणाऱ्याचे. परत आलेल्याला खरा खुलासा द्यावा. थातुरमातुर सबब दिली तर ती सर्वात आधी त्यालाच कळते, कारण आपला माल त्याने आपल्याइतकाच बारकाईने पाहिलेला असतो.