एका पैशाची फट

बाभळीचा ओंडका आजोबा लगेच कधी तासायला घेत नसत. आधी तो डबक्यात महिनोनमहिने बुडवून ठेवायचा, मग गोठ्यामागच्या सावलीत सुकवायचा. अशा लाकडाला भुंगा लागत नाही. ते अंगणात आलं की वासानं आजी नाकाला पदर लावायची. ढलप्या मात्र मोजून चुलीपाशी न्यायची.

बैलगाडीचं चाक ही त्यांची खरी विद्या. मधे तुंबा, त्यात ठोकलेले बारा आरे, आऱ्यांवर सहा पाटे. दोन पाट्यांच्या सांध्यात ते मुद्दाम फट ठेवत. तांब्याचा जुना पैसा त्यात सरकवून बघत. अडकला तर पुन्हा पटाशी. मला वाटे, म्हाताऱ्याला सांधा जमत नाही.

उत्तर मिळालं चाकावर लोखंडी धाव चढवायच्या दिवशी. लोहारानं ती चाकाच्या घेरापेक्षा जराशी आखूडच केलेली. गोवऱ्यांच्या आगीत लाल होऊन ती फुगली, तिघांनी सांडशींनी उचलून चाकावर बसवली. लाकडानं पेट घेतला. आम्ही पोरं कळशा घेऊन धावतोय, वाफेत काही दिसत नाही, नुसता कड् कड् आवाज. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. वाफ ओसरली तेव्हा सहाही फटी मिटलेल्या. आवळणारी धाव पाट्यांना आत रेटते, पाटे आऱ्यांना तुंब्यात. फट नसती तर पाटे एकमेकांनाच भिडून राहिले असते आणि आरे खुळखुळले असते.

त्याच पटाशीच्या टोकानं ते आमच्या बोटातली कूस काढत. "त्या कावळ्याकडं बघ," म्हणत. कावळा दिसेपर्यंत कूस बाहेर.

मग रबरी टायरच्या गाड्या आल्या. आमच्याकडे त्यांना सरसकट डनलॉप म्हणतात. आजोबा चौकटी, पाळणे, पोळपाट करू लागले. कुरकुर कधी ऐकली नाही. फक्त डनलॉपमध्ये ते बसत नसत. "बसून गुडघा आखडतो," म्हणायचे आणि गाडीमागून दोन कोस चालत यायचे.

परवा हायवेवरच्या एका ढाब्यात भिंतीला तसलं चाक टांगलेलं दिसलं. वॉर्निश चकचकीत, धाव गायब. जेवण येईपर्यंत राहवलं नाही. खिशातलं रुपयाचं नाणं सांध्यात सरकवलं. ते आरपार गेलं आणि टेबलाखाली घरंगळलं. वेटरनं उचलून दिलं.