वाडीचा नाश्ता
नागपूरहून अमरावती रोडनं निघालं, की ट्रकांची रांग दिसते. वाडी आली समजा! जुना 6 नंबरचा हा महामार्ग, आता 53. दोन्ही बाजूंना गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं.

सकाळी मात्र पाय वळतात तर्री-पोह्यांकडं. पोह्यांवर काळ्या हरभऱ्याची झणझणीत तर्री, लाल तवंग प्लेटच्या काठापर्यंत, वर कच्चा कांदा नि लिंबाची फोड. ‘भाऊ, तर्री अजून मारा’ म्हणायला लाजायचं नाही. तर्रीशिवाय पोहे? ते आजारी माणसाचं खाणं.

हिवाळ्यात सांबारवडी. बाहेरचे पाहुणे इथं फसतात. इडलीचा काही संबंध नाही, आमच्याकडं कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. आत खसखस, सुकं खोबरं. सोबत गरम कढी. दोनात पोट भरतं, तिसरी हावरेपणाची.