गळ टाकण्यापूर्वी

सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन पाण्याकाठी बसणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ. मीही त्यांतलाच. घाटावर गळ टाकतात, कोकणात गरवायला जातात. नाव वेगळे, नाद एकच. पण बसावे कुठे आणि परवानगी कोणाची घ्यावी, असे विचारले की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट पकडायचा तर मत्स्य खात्याचा परवाना काढायचा, पैसे भरायचे आणि बसायचे. आपल्याकडे त्याआधी एक कोडे सोडवावे लागते. हे पाणी कोणाचे, आणि त्यातले मासे कोणाचे? ही दोन उत्तरे बहुधा वेगळी निघतात.

धरण जलसंपदा खात्याचे असते. त्यातल्या मासेमारीचा हक्क मात्र पुष्कळदा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. ही संस्था ठेक्याची रक्कम भरते, कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली आणून पाण्यात सोडते आणि ती वाढेपर्यंत राखण करते. तेव्हा तुमच्या गळाला लागलेला कटला म्हणजे रानातले बोर नव्हे. तो कोणाच्या तरी शेतातला भुईमूग आहे. तळ्यावर गेल्यावर आमचे मामू आधी राखणदाराला सलाम करीत आणि मगच दोरी सोडीत. त्यात अदब होती, तसा हिशेबही होता. राखणदाराचे घर त्याच पाण्यावर चाले.

म्हणून पहिली फेरी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात मारावी. जलाशय कोणत्या संस्थेकडे आहे, ते तिथे कळते. मग त्या संस्थेला भेटावे. हौशी माणसाला बसू देता का, पैसे किती, मासा घरी न्यायचा की सोडायचा, हे विचारून पावती घ्यावी. तोंडी ‘बसा हो’ कामाचे नाही. दुपारी राखणदार बदलतो. गावतळे असेल तर ग्रामपंचायतीत विचारावे.

मुंबईकरांना पवई तलाव जवळचा. १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव आता त्या कामाचा राहिलेला नाही, पण गळकऱ्यांचा जुना अड्डा आहे. महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही संस्था तिथलीच. तिच्याकडे चौकशी करून जावे. मात्र पाण्यात पाय सोडून बसू नये. तलावात मगरी आहेत.

काही ठिकाणी गळ पिशवीतून काढूच नये. कोयना, राधानगरी यांसारख्या अभयारण्यांत वनखात्याचा अंमल आहे; तिथे संस्थेची पावती चालत नाही. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले मासे देवीचे मानले जातात, त्यांना कोणी हात लावत नाही. मला ही कायद्याहून पक्की व्यवस्था वाटते. तिथले मासे महसीर जातीचे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महसीर कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली शास्त्राच्या दप्तरात नोंदवला आणि त्याला ‘खुद्री’ हे इथलेच नाव दिले. आज त्या नदीचे पाणी पाहून हे खरे वाटत नाही. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात महसीरची पिल्ले तयार करून पाण्यात सोडली जातात. तुमच्या गळाला महसीर लागलाच, तर हात ओले करून गळ सोडवावा आणि त्याला पाण्यात जाऊ द्यावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे रोगाला बळी पडतो.

समुद्रकाठी गोष्ट थोडी सोपी आहे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असते. खडकावरून गरी टाकणाऱ्याला ती लागू नाही. जेट्टीवर बसायचे तर बंदराच्या कार्यालयात विचारावे. तांबोशी, शेंगाळा मिळतात. पण जून-जुलैत खडकावर जाऊच नये, बंदी नसली तरी. आणि धरणाच्या दरवाजांखालच्या पात्रात कोणत्याच महिन्यात बसू नये. तिथे मासे भरपूर असतात हे खरे, पण भोंगा वाजल्यावर सामान गोळा करण्याइतका वेळ पाणी देत नाही.