पास फुकट, पण गाडीच नाही! गावासाठी एसटीची फेरी मागायची कशी?

आजचा भाग कुर्डुवाडीहून. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा, आणि गावाच्या ग्रुपवर नक्की टाका.

कुर्डुवाडी म्हटलं की जंक्शन. १८९७ मध्ये इथून बार्शीला नॅरोगेजची छोटी गाडी सुरू झाली. पुढे तेच रूळ पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेले. आज इथून मुंबई गाठणं सोपं आहे. पण आसपासच्या आडगावातल्या मुलीला अकरावीच्या तासाला वेळेत पोचता येतं का?

सवलती भरपूर आहेत. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत. इतर विद्यार्थ्यांना पासावर ६६.६७ टक्के सूट. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. पण पास हातात असून गाडीच नसेल तर? समजा, कॉलेज साडेबाराला सुटलं आणि गावाकडची फेरी पाचला आहे. मग पोरगी स्टँडवर बसून राहते, नाहीतर वडापला पैसे मोजते. काही दिवसांनी घरचे म्हणतात, "राहू दे आता." म्हणजे शिक्षण सुटतं ते वेळापत्रकामुळे, मार्कांमुळे नाही.

फेरी बंद का होते?

एसटीत एक शब्द आहे: भारमान. गाडीतल्या किती जागा भरल्या, त्याचं प्रमाण. फेरी अवेळी आली की लोक वडापने जातात. मग भारमान घसरतं, आणि "प्रतिसाद नाही" म्हणून फेरीच बंद होते. म्हणून "आम्हाला बस द्या" एवढंच लिहिलेलं निवेदन फायलीत पडून राहतं. आपण आगाराशी आगाराच्याच भाषेत बोलायचं, म्हणजे आकड्यांत.

मग करायचं काय?

पहिलं, मोजणी. दोन आठवडे फाट्यावर उभं राहा. कोण, किती वाजता, कुठे जातं, ते वहीत नाहीतर मोबाईलवर लिहा. वडापमधले लोकही मोजा. तेच उद्याचे एसटीचे प्रवासी.

दुसरं, कागद. शाळा-कॉलेजकडून विद्यार्थ्यांची संख्या आणि सुटायची वेळ लेखी घ्या. ग्रामसभेत ठराव करा. हे सगळं आगार व्यवस्थापकांना द्या, एक प्रत सोलापूरच्या विभाग नियंत्रकांना. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. बंद फेरीचं भारमान किती होतं, तेही त्यात विचारा.

तिसरं, गावाचा वाटा. रस्त्यावर आलेल्या वेड्या बाभळी तोडा, खड्डे बुजवून घ्या. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकांना झोपायला नीट खोली आणि संडासाची सोय द्या. दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला रात्री डासांत झोपवून आपण हक्काची भाषा करू शकत नाही.

आंदोलनाने काही होतं का?

होतं की! आपल्याच मार्गावरचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये मुंबई–लातूर एक्सप्रेस बिदरपर्यंत वाढवायचं ठरलं. आपल्याला जागा मिळणार नाही म्हणून लातूरकर रस्त्यावर उतरले. शेवटी आठवड्यातून तीन दिवस बिदर आणि चार दिवस लातूर, असा तोडगा निघाला. मागणी पूर्ण मान्य झाली नाही, पण लातूरचं म्हणणं विचारात घ्यावंच लागलं. आणि गाडीची गरज बिदरकरांनाही होतीच की.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फेरी मिळाल्यावर हारतुरे होतात, फोटो निघतात, आणि महिन्याभरात लोक परत दुचाकीवर! रेल्वेचे नवे थांबेसुद्धा बऱ्याचदा प्रायोगिक असतात, पुढे तिकीटविक्री बघितली जाते. म्हणून पहिले काही महिने ठरवून त्याच गाडीने जा, तिकीट काढा. फाट्यावरची ती वहीही चालू ठेवा. उद्या कोणी "प्रतिसाद नाही" म्हणालं, तर तीच पुढे ठेवता येईल.

तुमच्या गावची शेवटची गाडी किती वाजता आहे? कमेंटमध्ये सांगा. भेटूया पुढच्या भागात!