लाखो अंडी, म्हणून अमाप मासे?

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, एक मासा लाखो अंडी घालतो. तो कसला संपतोय?" म्हणणारा बाजारातून हौसेने गाबोळी आणणारा खवय्या असतो, तसा मत्स्यव्यवसायावर लेख लिहिणारा जाणकारही असतो. दोघांच्या आवाजातली खात्री मात्र सारखीच असते.

यातला आकडा खरा आहे, हीच अडचण. हा समज ज्या माशावर सगळ्यात मोठ्या प्रमाणावर तपासला गेला, तो उत्तर अटलांटिकमधला कॉड घ्या. आपल्याकडच्या एका पिढीने नाक दाबून गिळलेलं ते यकृताचं तेल, त्या तेलाचा हा मासा. पाच किलोची मादी एका हंगामात साधारण २५ लाख अंडी सोडते. आकडा एवढा मोठा की ऐकणारा पुढचा हिशेब करायचंच विसरतो.

भलेभले विसरले आहेत. कादंबरीकार अलेक्झांडर द्युमा यांचा पाककोश त्यांच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉडचं प्रत्येक अंडं जगलं, तर तीन वर्षांत माशांच्या पाठीवरून कोरड्या पायांनी अटलांटिक ओलांडता येईल, असं त्यात लिहिलं आहे. दहा वर्षांनी लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्सले यांनी कॉड, हेरिंग असे मोठे मत्स्यसाठे माणसाच्या हातून संपणारे नाहीत, असं सांगितलं. तेव्हाच्या मासेमारीच्या पद्धती पाहता, अशी अट त्यांनी घातली होती. पुढच्यांनी अट गाळली आणि निष्कर्ष तेवढा ठेवला.

आता न झालेला हिशेब. एखाद्या समुद्रात कॉडची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहते, याचा अर्थ एक मादी आयुष्यभरात आपल्यामागे सरासरी दोनच प्रौढ मासे ठेवते, एक नर आणि एक मादी. ती पाच हंगाम जगली आणि दरवेळी २५ लाख अंडी सोडली असं धरलं, तर अंडी झाली सव्वा कोटी. उरले दोन. हत्तिणीला आयुष्यात मोजकीच पिल्लं होतात आणि तिचीही सरासरी, कळप स्थिर असेल तर, दोनच येते. म्हणजे अंड्यांच्या आकड्यावरून मासे किती होणार हे कळत नाही, किती मरणार हे कळतं. मोहोर मोजून आंब्याच्या पेट्यांचा सौदा कोकणात कुणी करत नाही. माशाच्या बाबतीत मात्र शहाणी माणसंही तो करतात.

ही अंडी मरतात कशी? नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपाशी १८६०च्या दशकात गेऑर्ग ओसियान सार्स यांनी दाखवून दिलं की कॉडची अंडी तळाशी पडून राहत नाहीत, पाण्यात मोकळी तरंगतात. (मग तळ खरवडणाऱ्या जाळ्याने अंड्यांचं काय बिघडतं, असा सोयीचा सूर लगेच निघाला.) दीड मिलिमीटरच्या आसपासचं हे अंडं प्रवाह नेईल तिकडे जातं. पाच अंश सेल्सियसच्या पाण्यात ते फुटायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि तोवर ते समोर येईल त्याचं खाद्य असतं. बाल्टिक समुद्रात हेरिंग आणि स्प्रॅट हे छोटे मासे कॉडची अंडी खातात. पुढे मोठा झालेला कॉड त्यांनाच खातो, म्हणजे कॉड कमी झाला की त्याची अंडी खाणारे वाढतात. शिवाय बाल्टिकचं वरचं पाणी इतकं कमी खारट आहे की अंडी खाली जातात, आणि खोलवरच्या खाऱ्या थरात प्राणवायू नसेल तर तिथेच गुदमरतात.

अंडं फुटलं तरी सुटका नाही. चारेक मिलिमीटरच्या पिल्लाकडे पिवळ्या बलकाची शिदोरी असते जेमतेम आठवडाभराची. ती संपायच्या आत त्याला तोंडात मावेल एवढं सूक्ष्म प्लवक मिळायला हवं, मुख्यतः कोपेपॉड या इवल्या कवचधारी जिवांची पिल्लं. वसंतातला प्लवकांचा बहर लवकर येऊन गेला किंवा लांबला, तर त्या वर्षीचे बहुतेक जीव उपाशी मरतात. योहान योर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये मांडलं की एखाद्या वर्षाची पिढी जोमदार होणार की दुबळी, हे बऱ्याच अंशी या कोवळ्या वयातच ठरतं. खवल्यांवरच्या वलयांवरून हेरिंगचं वय मोजताना १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षं जाळ्यात भरून येताना त्याला दिसली होती. तिच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या पिढ्या त्यापुढे नगण्य. अंडी तर दरवर्षीच घातली जात होती.

तरीही कुणी म्हणेल, मासे विरळ झाले की स्पर्धा कमी, मग जास्त पिल्लं जगतील. हे खरं आहे, पण किती जास्त? रॅन्सम मायर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या सातशेहून अधिक मत्स्यसाठ्यांच्या नोंदी तपासून १९९९ मध्ये उत्तर दिलं. परिस्थिती अनुकूल असतानाही एका प्रौढ माशामागे वर्षाला तयार होणारे नवे प्रौढ बहुधा एक ते सात. लाखांत नाही, शेकड्यांत नाही. एक ते सात.

या समजाचं बिल कुणी भरलं तेही सांगायला हवं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं कॉडवर गावं जगली. १९६८ मध्ये, परदेशी ट्रॉलर तिथे राबत असताना, एका वर्षात आठ लाख टनांच्या आसपास कॉड निघाला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखून परक्यांना बाहेर काढलं आणि स्वतःचे ट्रॉलर वाढवले. विणीसाठी थंडीत एकत्र आलेल्या थव्यांवरही ते जाळी ओढत. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी मासेमारी बंद केल्याचं जाहीर केलं. सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. पाण्याचं घसरलेलं तापमान आणि कॉडचं खाद्य असलेल्या कॅपेलिनची वाताहत यांचाही वाटा किती, यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. पण प्रौढ मासे नव्वद टक्क्यांहून जास्त घटले होते, यावर वाद नाही. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. लाखो अंडी घालणाऱ्या माशाला दोन वर्षं पुरतील, असं वाटणं स्वाभाविकच! ती उठली २०२४ मध्ये, तीही जेमतेम १८ हजार टनांच्या मर्यादेवर आणि अनेक शास्त्रज्ञांच्या विरोधात.

याच समजाचं एक धाकटं भावंड आहे: मोठे मासे म्हातारे झालेले, ते खुशाल काढा, लहानांना राहू द्या. लहानांना राहू द्या हे ठीक. पण मोठी मादी म्हणजे नुसती वजनदार मादी नव्हे. डिएगो बार्नेचे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये ३४२ जातींच्या माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३० किलोच्या एका कॉड मादीइतकी अंडी घालायला दोन किलोच्या २८ माद्या लागतात, म्हणजे तब्बल ५६ किलो मासा. तिच्या अंड्यांत भरलेली ऊर्जा गाठायची तर ३७ माद्या हव्यात. बाजारात वजन केलं की ३० किलो म्हणजे ३० किलो. समुद्रात तसं नसतं.

मीलन म्हणजे नर-मादीने पाण्यात सगळं सोडून मोकळं होणं, हेही चूक. कॉडचे नर विणीच्या जागी आधी येऊन थांबतात आणि वाताशयावरचे स्नायू थरथरवून घुमल्यासारखा आवाज काढतात. मासे मुके असतात म्हणणाऱ्यांनी हा ऐकावा. मादी जवळ येते, निवड करते, नर तिच्या पोटाखाली उलटा होऊन चिकटतो आणि दोघं एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू सोडतात. तेही एकदाच नाही; दर दोन-तीन दिवसांनी एक खेप, अशा डझनाहून अधिक खेपा महिना-दोन महिने चालतात. अशा जमावातून ट्रॉलर गेला, तर नुकसान फक्त जाळ्यात आलेल्या माशांपुरतं राहत नाही.

बाकीचे समज झटपट. सगळे मासे अंडी घालतात? उत्तर अटलांटिकमधला रेडफिश जिवंत पिल्लं सोडतो. थंड पाण्यातले मासे पिल्लांकडे ढुंकून बघत नाहीत? लंपफिशचा नर अंड्यांवर पंखांनी पाणी घालत आठवडेच्या आठवडे पहारा देतो, आणि अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात २०२१ मध्ये जर्मन संशोधकांना आइसफिशची अंदाजे सहा कोटी घरटी एकाच वसाहतीत सापडली, बहुतेकांवर राखण करणारा मासा. सगळे मासे भराभर वयात येतात? ग्रीनलंड शार्कची मादी अंदाजे दीडशे वर्षांची झाल्यावर पिल्लं देण्याजोगी होते.

एक समज मात्र बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही आहे: विणीच्या हंगामात जाळी वर ठेवली की काम झालं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपण तेच करतो, आणि त्याचा उपयोगही आहे. पण जी मादी मे महिन्यात पकडली, ती जूनमध्ये अंडी घालणार नाही. उलट लोफोटेनला कॉडची मासेमारी चालतेच मुळी विणीच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, बॅरेंट्स समुद्रातून मासे तिथे येतात तेव्हा. आणि ती हजार वर्षांपासून चालली आहे. तिथे आधार आहे तो किती पकडायचा याच्या मर्यादेचा, आकाराच्या अटीचा, पिल्लं जास्त सापडली तर तो भाग बंद करण्याचा आणि पकडलेला मासा परत फेकण्यावर १९८७ पासून असलेल्या मनाईचा. मादीला किती हंगाम मिळतात हा खरा प्रश्न, कुठला महिना सोडला हा नंतरचा. नॉर्वेचे आकडे आपल्या पापलेटला किंवा सुरमईला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. त्यांचा विणीचा काळ, वाढ, आयुष्य सगळं वेगळं. आणि नॉर्वेलाही निर्धास्त राहता येत नाही. बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा २०१३ मध्ये दहा लाख टन होता. गेल्या काही वर्षांतल्या पिढ्या दुबळ्या निघाल्या, आणि २०२५ साठी तो ३ लाख ४० हजार टनांवर आणावा लागला.